संकल्पचित्राचा तास

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणारी चित्रं, कुठे शिकलास असं मला बरेच जण विचारतात, तर खरं उत्तर आहे आपल्या शाळेत, ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीत. वस्तुचित्रात तांब्या तांब्यासारखा दिसावा लागतो, पण संकल्पचित्रात नुसती वर्तुळं, त्रिकोण नि रेषा, तरी ड्रॉइंगचे सर कागद भिंतीला लावून लांब जाऊन बघायचे आणि म्हणायचे, उजवीकडे वजन झालंय, जागा सोड. पोस्टर कलर ताकाइतका पातळ नको, दह्याइतका घट्ट नको, आणि ओला काठ सुकायच्या आत पुढचा हात फिरवायचा नाहीतर पट्टे उमटतात, हे त्यांनी प्रत्येकाजवळ बसून दाखवलं.

पुढे मुंबईत कमर्शियल आर्ट केलं, जाहिरातीत नोकरी, दिवसभर फोटोशॉप. मग एकदा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं ओरिजिनल चित्र समोर उभं राहून बघितलं आणि हललोच. रोलरने, पॅलेट नाइफने रंग चढवायचा, खरवडायचा, परत चढवायचा, खालचा थर वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो. नागपूरला जन्मलेला, १९४८ ला मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेतलेला माणूस, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं! मी रोज फोटोशॉपमध्ये लेयर वापरत होतो पण लेयर म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं.

त्यांच्याच जन्मवर्षी, १९२४ ला, हंगेरीत वेरा मोल्नार जन्मली. ही बाई १९६८ पासून कॉम्प्युटरवर चित्रं करत होती, चौकोन घ्यायचे आणि कोपरे मुद्दाम थोडे थोडे हलवायचे. ते बघून मी प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे कोड लिहून चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोड लिहायला लागलो. गडबड किती टाकायची हा एक आकडा असतो, तो जरासा वाढवला की शिस्तीतले चौकोन श्वास घेतात, अजून वाढवला की नुसता कचरा.

डिजिटल सोपं असतं हे मला अजिबात पटत नाही. रंग सुकत नाही, अनडू संपत नाही, मग थांबायचं कुठे? मी मोठा प्रिंट काढून भिंतीला लावतो, लांब जातो आणि वजन कुठे झालंय ते बघतो, दुसरी कुठली युक्ती मला आजवर सापडलेली नाही.

प्रोसेसिंग फुकट आहे, शाळेतल्या कॉम्प्युटरवर आरामात चालेल. आठवी-नववीच्या मुलांसाठी मी शनिवारी येऊन शिकवायला तयार आहे, फक्त त्यांचे संकल्पचित्राचे कागद आधी बघायला मिळावेत.