उलट्या तळव्यांचा बळी

दर गुरुवारी संध्याकाळी सातला मी राक्षस होते. अमेरिकेतल्या मिलवॉकीत थंडीच्या दिवसांत साडेचारलाच दिवे लागतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा वेळी आम्ही सहा जण एका घराच्या तळघरात लांबलचक टेबलाभोवती बसतो, पुढ्यात कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे. खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. सहावा म्हणजे डीएम, डन्जन मास्टर. तो गोष्ट सांगतो, आम्ही पाच जण त्या गोष्टीतली माणसं होऊन काय करणार ते बोलतो आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरतं. गावाकडे सोंगी भारूड पाहिलेलं असेल तर यातली मजा लगेच कळेल.

हा खेळ इथलाच. लेक जिनिव्हा हे तळ्याकाठचं छोटं गाव माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सने मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसनबरोबर १९७४ साली तो छापला. पुढे या खेळात पॅलाडिन आला. पॅलाडिन म्हणजे देवाधर्माची शपथ घेतलेला योद्धा, नुसत्या हाताच्या स्पर्शाने जखमा बऱ्या करणारा. १९७८च्या नियमांत पॅलाडिन फक्त माणसालाच होता येई. जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं की पॅलाडिनपण गेलंच. २००० साली इतर वंशांनाही ती वाट मोकळी झाली.

आणि त्याच खेळात राक्षसही आहे! नाव जसंच्या तसं, ‘राक्षस’. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो आला तो भारतातला दुष्टात्मा म्हणून. वाघाच्या तोंडाचा, समोरच्याला हवं ते रूप दाखवून फसवणारा, आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. आताच्या नियमांत त्याची आणखी एक खूण सांगतात: त्याचे तळवे उलटे असतात. आपल्या हाताची पाठ जिथे असते, तिथे त्याचा तळवा.

ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं. आपल्याकडचे राक्षस काही सगळे सज्जन नव्हेत, पण आपल्या गोष्टींत बिभीषण आहे, घटोत्कच आहे. प्रल्हाद तर हिरण्यकश्यपूच्या पोटी जन्मलेला. आणि प्रल्हादाचा नातू बळी! काटेकोर बोलायचं तर तो राक्षस नव्हे, असुर. पण कराडजवळच्या आमच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला आजी अंगणात शेणाचा बळीराजा मांडायची, ओवाळताना म्हणायची, “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.” ज्याला वामनाने पाताळात घातलं त्याचंच राज्य परत येवो म्हणून दिवा लावणारी आपली माणसं. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो ते उगीच नाही. जोतिरावांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्याच बळीला न्यायी राजा म्हणून उभं केलं.

म्हणून नवी गोष्ट सुरू होताना मी डीएमला म्हटलं, मला राक्षस व्हायचंय आणि पॅलाडिनही. तो पन्नाशीचा सुतार आहे, शाळकरी वयापासून हा खेळ खेळतोय. खेळाडूंसाठी राक्षसाचे नियमच नव्हते, ते त्याने बसून तयार केले. मग विचारलं, “याची शपथ काय?” मी सांगितली: मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. आणि तीन पावलांची सगळी गोष्ट सांगितली. दानाचं पाणी सुटू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि दर्भाची काडी लागून त्यांचा डोळा गेला, तिथे सगळे पुढे सरसावून ऐकत होते. माझ्या राक्षसाचं नाव ठेवलं बळी, पण त्यातला ‘ळ’ कुणाच्याच जिभेवर बसेना. शेवटी ‘बाली’वर भागवलं.

पहिल्याच लढाईत अडचण आली. आमचा धनुर्धारी पडला, मला त्याच्या छातीवर हात ठेवायचा होता. डीएमने विचारलं, “उलट्या तळव्याने कसा ठेवशील?” मी खुर्चीतून उठले आणि करून पाहू लागले. बोटं वर केली तर समोर बळीच्या हाताची पाठ येते. मग हात सहज खाली सोडले, बोटं जमिनीकडे, आणि लक्षात आलं की त्याचे तळवे आता समोरच्या माणसाकडे आहेत. देवळातल्या मूर्तीचा वर देणारा हात असतो ना, तसे. त्याला दुसरं काही करावंच लागत नाही, तो नुसता उभा राहिला तरी देतच असतो. मला भरून आलं. त्या तळघरात कुणी हसलं नाही.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. आम्ही तिसऱ्या पातळीवर होतो, म्हणजे बऱ्या करण्याच्या शक्तीचे दिवसाला पंधरा गुण. त्यातले पाच उरले होते. ज्याने गाव जाळलं होतं तोच दरोडेखोर बर्फात रक्तबंबाळ पडलेला, आणि म्हणाला, “वाचव.” आमच्या जादूगारीण बाई खऱ्या आयुष्यात नर्स आहेत. त्या म्हणाल्या, “देऊ नकोस, पुढे आपल्यालाच लागतील.” बरोबरच होतं त्यांचं. मी पाचही दिले. पुढच्या दारामागे बळी स्वतःच पडला. तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं ते त्याच बाईंनी. आता त्यांना सगळे प्रेमाने ‘शुक्राचार्य’ म्हणतात, आणि तो शब्द मात्र सगळ्यांना नीट उच्चारता येतो.

फेब्रुवारीत डीएमने मला काड्यापेटीत घालून एक वस्तू दिली. अंगठ्याएवढी वाघमुखी मूर्ती, हाताने रंगवलेली. मनगटं बारीक पात्याने कापून, पंजे फिरवून पुन्हा चिकटवलेले. जोड दिसतो, भिंगातून पाहिलं तर. दोन्ही हात खाली, तळवे पुढे.

मी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. तिने चष्मा वर केला, मूर्ती कॅमेऱ्याच्या जवळ आणायला लावली, वाघाच्या तोंडाबद्दल अवाक्षर काढलं नाही. “हात बघ की,” म्हणाली, “द्यायलाच काढलेत.” मग विचारलं, पाडव्याला कुठे मांडणार. इथे शेण कुठलं मिळायला! “तांदळाच्या पिठावर उभा कर,” ती म्हणाली, “आणि ओवाळताना मोठ्यांदा म्हण, मला इकडे ऐकू आलं पाहिजे.”