तीन दिवस, छत्तीस टब आणि दोन गाण्यांमधली वीस मिनिटं

एका छोट्या, स्वतंत्र संगीत महोत्सवात तीन दिवस फुकट आइस्क्रीम वाटून परवा परतले. पुढच्या वर्षी असं काही करायचा विचार असेल, तर आठवणी ताज्या आहेत तोवर सगळं लिहून ठेवते. कामाच्या गोष्टी जास्त लिहिणार आहे, कारण जाण्याआधी मी शोधत होते तेव्हा नेमक्या त्याच कुठे सापडत नव्हत्या.

महोत्सव म्हणजे दोन स्टेज आणि आठ-नऊशे लोक. मोठा प्रायोजक कुणी नाही आणि काम करणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. वादक स्वतःच गाडीतून ड्रम उतरवतात आणि स्वतःच स्टेजवर लावतात. आमची चौघांची टोळी, त्यात गाडी चालवायला माझा मावसभाऊ, आमचा दादा. आइस्क्रीम फुकट का, हे तीन दिवसांत शंभरदा तरी विचारलं गेलं. दर वर्षी हे वादक आम्हाला इतकं संगीत ऐकवतात, एकदा आपणही काहीतरी घेऊन जावं, एवढंच कारण होतं. इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरीचा पहिला महोत्सव 1970 च्या सप्टेंबरमध्ये भरला, तेव्हा तिकिटासोबत त्याच शेतावरचं दूध फुकट होतं. जेमतेम दीड हजार लोक आले होते. ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यात घर करून होती.

हिशेब आधी सांगते. चार लिटरचे 36 टब नेले. एक स्कूप साधारण 60 मिलिलिटरचा धरला तर कागदावर एका टबात 66 स्कूप बसतात. प्रत्यक्षात आम्हाला 50 ते 55 मिळाले. स्कूप भरताना आइस्क्रीम दाबलं जातं, त्यातली हवा निघते, शिवाय काठाला थोडं राहतंच. तेव्हा टबामागे 50 धरा म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसाला नाही म्हणायची वेळ येत नाही. चव तीनच ठेवल्या: व्हॅनिला, चॉकलेट आणि दूध नसलेलं लिंबाचं सॉर्बे. काहींना सुक्या मेव्याची अॅलर्जी असते, म्हणून त्याचं काहीही न्यायचं नाही हे आधीच ठरवलं होतं आणि तो निर्णय सर्वांत चांगला ठरला. शनिवारी एक आई मुलाला घेऊन आली आणि पहिला प्रश्न तोच होता, यात सुका मेवा आहे का? टबावरचं लेबल तिला दाखवता आलं. टब निवडतानाच लेबलवर सुक्या मेव्याचा अंश असल्याची सूचना आहे का, हे मात्र बघून घ्या आणि झाकणं शेवटपर्यंत जपून ठेवा. सॉर्बेचा स्कूप वेगळा, रंगीत दोरी बांधलेला. तो दुसऱ्या टबात कुणीही घालायचा नाही, म्हणजे नाही.

आता ड्राय आइस. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे 78 अंश. वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो, आणि एका किलोपासून पाचशे लिटरहून जास्त वायू तयार होतो. म्हणून खोका कधीही हवाबंद करायचा नाही, आणि गाडीत माणसांसोबत तो असेल तर काचा खाली हव्यातच. आम्ही पूर्ण रस्ता वाऱ्यात बसून आलो. वाटेत पाऊस लागला तेव्हा कुणीतरी काच वर घ्यायला लागलं, तर दादा इतक्या जोरात ओरडला की गाडीतलं गाणंच बंद झालं. त्याचं बरोबर होतं. जाड हातमोजे घाला, उघड्या हाताने एक तुकडाही उचलू नका. उरलेला ड्राय आइस उघड्यावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी राहू द्या, आपोआप संपतो. बेसिनमध्ये टाकू नका, पाइप फुटू शकतो.

माझी मोठी चूक शनिवारी दुपारची. त्या दिवशी वाढायचे टब थेट ड्राय आइसवर रात्रभर ठेवले होते आणि साडेबाराला पहिला बँड संपल्या संपल्या झाकण उघडलं. स्कूप आत जाईचना. दगडावर चमचा घासावा तसा आवाज. समोर साठ-सत्तर माणसं उभी, ऊन डोक्यावर, आणि मी दोन्ही हातांनी रेटतेय तरी टबावर नुसते ओरखडे. वीस मिनिटांच्या मध्यंतरात जेमतेम तीस जणांना दिलं. तेवढ्यात पुढचा बँड सुरू झाला आणि रांग मोडली. कुणी रागावलं नाही, उलट दोघं मदतीला आले, पण मला फार वाईट वाटलं.

कारण साधं आहे. आइस्क्रीम वाढायला उणे 12 ते उणे 14 अंश लागतात. त्या तापमानाला त्यातल्या पाण्याचा साधारण पाऊण भागच गोठलेला असतो, बाकीचं पाणी साखरेमुळे पातळ राहतं आणि म्हणून स्कूप शिरतो. उणे 78 च्या शेजारी ठेवल्यावर ते पातळ पाणीही उरत नाही. रविवारी आम्ही टब आणि ड्राय आइस यांच्यात पुठ्ठ्याचे दोन थर घातले आणि वाढायच्या पाऊण तास आधी टब साध्या बर्फाच्या खोक्यात हलवले. बर्फात जाडं मीठ मिसळलं की तो शून्याच्या बराच खाली उतरतो, योग्य प्रमाणात उणे 21 पर्यंत. मीठ थोडं कमी घातलं की नेमकं वाढण्याजोगं थंड राहतं. खोक्यात थर्मामीटर ठेवा, अंदाजावर सोडू नका.

उलट्या बाजूची भीतीही तितकीच खरी. एकदा मऊ पडलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि ते जिभेला करकरतं. आणि पार पातळ झालेलं तर वाढायचंच नाही, त्यात जंतू वाढलेले असू शकतात आणि गोठवल्याने ते मरत नाहीत. शुक्रवारी रात्री जनरेटर दोन तास बंद पडला होता. स्वयंपाकाच्या तंबूत आमचा मोठा फ्रीजर होता. आतलं बघावं म्हणून दर पाच मिनिटांनी कुणीतरी झाकणाकडे हात नेत होतं, शेवटी मी त्यावर बसूनच राहिले. गच्च भरलेला फ्रीजर झाकण न उघडता जवळजवळ 48 तास अन्न गोठलेलं ठेवतो, अर्धा भरलेला 24 तास. आइस्क्रीम साखरेमुळे त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, पण दोन तासांनी काही बिघडत नाही. झाकण मात्र उघडू नका.

स्कूप पाण्यात बुडवून काढला की झटकायचा. ओला स्कूप टबात गेला की त्याचं पाणी आइस्क्रीमवर गोठून काचेसारखा थर बनतो आणि पुढच्या दहा जणांना तो थर मिळतो. तेच पाणी तासन्‌तास वापरू नका, कोमट आणि दुधाळ पाणी म्हणजे जंतूंना आमंत्रण. आम्ही प्रत्येक टबाला तीन स्कूप ठेवले आणि धुतलेले कोरडे फिरवत राहिलो. मूठ दाबली की आतली पट्टी फिरून गोळा सुटतो तो प्रकार घ्या. आल्फ्रेड क्रॅल यांनी एका हाताने चालणाऱ्या स्कूपचं पेटंट 1897 मध्ये घेतलं होतं. हॉटेलात काम करताना आइस्क्रीम चमच्याला चिकटतं आणि वाढायला दोन हात लागतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पाचशेवा गोळा काढताना मला त्यांची आठवण झाली. मनगट तरीही दुखतंच, तासाला माणूस बदला. आणि हात धुवायला नळाचा पाण्याचा कॅन न्या, चिकट हातांवर सॅनिटायझरचा उपयोग नाही.

कोन की कप? गर्दीत उभ्याने खायला कोनासारखं काही नाही. 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तो लोकप्रिय झाला तोही चालत्या गर्दीतच. कचराही होत नाही. पण रात्री दवाने कोन लिबलिबीत झाले, तेव्हा संध्याकाळनंतर कप. कचऱ्याचे डबे स्टॉलपाशी ठेवू नका. माणूस कप घेऊन स्टेजकडे जातो आणि पाच मिनिटांनी तो तिथे रिकामा होतो, डबा तिथे हवा. पहिल्या रात्री आमचा डबा रिकामा होता आणि मैदान भरलेलं. टॉर्च घेऊन एकेक कप वेचला.

आवाजाचं सांगायचं राहिलं. आमचा स्टॉल मोठ्या स्टेजच्या कडेला होता. शंभर डेसिबलला कान सुमारे पंधरा मिनिटंच सुरक्षित राहतात असं कामाच्या जागेसाठीची एक शिफारस सांगते, आणि आम्ही तिथे दिवसभर. इअरप्लग पहिल्या दिवसापासून घाला. मग कोणती चव हवी हे ऐकू येत नाही, म्हणून पाटीवर मोठ्ठे 1, 2, 3 लिहिले आणि लोक बोटं दाखवू लागले. रांग दुप्पट वेगाने सरकली.

पण माझ्या मते खरं काम रांगेत नाही. जे रांगेत येऊच शकत नाहीत त्यांच्याकडे घेऊन जाणं, हे आम्हाला शनिवारी संध्याकाळी कळलं आणि रविवारी आम्ही आधी तेच केलं. गेटवर हातात पट्ट्या बांधणारी मुलं, पार्किंगमध्ये उन्हात उभे असलेले काका, प्रथमोपचाराच्या तंबूतल्या दोघी, शौचालयं साफ करणारे. यांच्यातल्या कुणालाही जागा सोडता येत नाही. खांद्याला अडकवायचा लहान आइसबॉक्स, त्यात झाकणाचे कप, एकेक फेरी. साउंड इंजिनिअरकडे गेले तेव्हा मी कप थेट मिक्सरवरून, म्हणजे आवाज जुळवायच्या बटणांच्या डेस्कवरून, पुढे केला. त्याने दोन्ही हात आडवे धरले.

“ताई, डेस्कवरून नको! मागे, खाली ठेवा. हा बँड उतरला की खातो.”

मी कप त्याच्या खुर्चीमागे बर्फाच्या पिशवीवर ठेवला. वीस मिनिटांनी लांबून पाहिलं तर तो जमिनीवर बसून, हेडफोन गळ्यात, डोळे मिटून खात होता. मिक्सरजवळ खाण्यापिण्याचं काही न्यायचं नाही, हे लक्षात असू द्या.

वाटायचं फक्त मध्यंतरात. गाणं चालू असताना फ्रीजरचं झाकण, स्कूपची खटखट, रांगेतली बडबड हे सगळं पुढच्या ओळीपर्यंत जातं. रविवारी दुपारी एक मुलगी एकटी गिटार घेऊन आली, मायक्रोफोनपासून जरा लांब उभी राहून गाऊ लागली. समोर चाळीसेक माणसं रांगेत होती. दादाने हात वर करून थांबायची खूण केली आणि स्कूप फडक्यावर ठेवला. रांग जागच्या जागी स्टेजकडे वळली. कुणी बोललं नाही. ज्यांच्या हातात आधीच कोन होते त्यांचं आइस्क्रीम मनगटावरून ओघळत होतं आणि ते तसेच ऐकत होते. गाणं बारा मिनिटांचं तरी असेल. उघडा राहिलेला व्हॅनिलाचा टब मऊ पडला, तो आम्ही तिचं गाणं संपताच आधी वाटून टाकला.

शेवटचा टब रात्री साडेअकराला उघडला. शेवटच्या बँडची ड्रमर आपले ड्रम गाडीत भरत होती, तिला टब आणि चमचा तसाच दिला. तिने डिकीत बसून निम्मा संपवला, उरलेला सामान उचलणाऱ्या मुलांनी. रिकामे टब आम्ही फेकले नाहीत. स्टेजवाल्यांनी सगळे धुवून मागून घेतले, केबल आणि चिकटपट्ट्या ठेवायला.