गाडी किती खाली घ्यावी? आधी पाच माणसं बसवा

"भाऊ, स्प्रिंगचा एक राउंड कापून द्या ना. किती लागन?"

आर्णीत नागपूर–तुळजापूर रस्त्यावर माझं गॅरेज आहे आणि हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. बहुतेक जुन्या स्विफ्टवाले. कमी पैशात गाडी किती खाली घ्यावी, हे तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो, कारण नुसतं नाही म्हटलं की पोरगं पुढच्या वेल्डिंगच्या दुकानात जातं आणि तिथं ग्राइंडर तयारच असतो.

टायर आणि फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, यांच्यातली चार बोटांची फट डोळ्यांना खुपते, हे मला कळतं. थोडी खाली बसलेली गाडी देखणी दिसते, वळणावर कमी झुकते. ही हौस मलाही आहे.

पण स्प्रिंग कापायची नाही. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते. कामाच्या सहा वेटोळ्यांतलं एक काढलं, तर कडकपणा 20 टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या हिशेबानं बनवलेला. त्याला ती उसळी आवरत नाही, खड्ड्यातून निघालेली गाडी नाचत राहते. गॅसनं तापवून खाली दाबलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट. पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं, मग ती बसतच जाते किंवा एक दिवस तुटते.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा अशी स्प्रिंग कापलेली स्विफ्ट घेऊन आला. मागून टकटक आवाज. जॅक लावला, चाक लोंबलं आणि स्प्रिंग जागेवरून निसटून फरशीवर घरंगळत माझ्या पायाशी आली. स्विफ्टच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. स्प्रिंग तिथं टिकते ती गाडीच्या भारानं आणि तिच्या पुऱ्या लांबीमुळे. कापलेलं टोक निळं पडलं होतं, रबरी बैठकीत त्यानं खोल चर पाडला होता. गतिरोधकावर मागचं चाक हवेत गेलं असतं तर हेच भर रस्त्यात झालं असतं. त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून त्या पोराची आई दर महिन्याला यवतमाळला दवाखान्यात जायची.

मग स्वस्तात काय करायचं? आधी टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरच्या हवेनुसार आकडा बदलतो. एकदा रिकामी गाडी मोजा, एकदा घरची पाच माणसं आणि डिक्कीत नेहमीचं सामान ठेवून. मग शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सारा आणि दांड्याला बुडाशी प्लास्टिकची टाय बांधा, बोटानं सरकेल इतपत घट्ट. भरल्या गाडीनं रोजच्या रस्त्यावर फिरून या. शॉकअप जास्तीत जास्त जिथवर दबला, तिथं टाय सरकून थांबलेली दिसेल. तिथून वरच्या बफरपर्यंत, म्हणजे शेवटचा दणका झेलणाऱ्या रबरापर्यंत, उरलेलं अंतर हीच तुमची शिल्लक. टाय बफरला टेकूनच आली असेल तर कंपनीच्या उंचीवरच तुमची गाडी बफरवर आदळते आहे. खाली घ्यायला जागाच नाही.

2018 नंतरच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, 163 मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक 100 मिलिमीटर उंच असतो. आपल्याकडं गावकऱ्यांनी घातलेला केवढा असतो, ते तुम्ही रोज बघता. त्यात आपली काळी भारी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटा घेतं. पांदणीत बंड्यांच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा थेट इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरला लागतो. म्हणून गाडी खाली घेताना मी 25 मिलिमीटरच्या आसपास थांबतो. 50 मागणाऱ्याला परत पाठवतो.

पैसे कमी असतील तर आधी शॉकअप, स्ट्रट माउंटिंग (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीची वरची बैठक) आणि लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बघा. खूप चाललेल्या गाडीचे शॉकअप आधीच दमलेले असतात. मग तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा. गंज किंवा चीर नसेल तर त्या जुन्या घेतल्या तरी चालतात. शॉकअप जुने कधीच घेऊ नका. अलाइनमेंट सोडायचं नाही, उंची बदलली की टो, म्हणजे चाकांचं आत-बाहेर वळलेलं तोंड, बदलतो आणि टायर आतल्या कडेनं साफ होतात. स्ट्रट उघडताना स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कम्प्रेसरच हवा. तार-दोरीनं बांधून उघडणाऱ्याचा हात जाऊ शकतो. आणि लोअर आर्मचे बोल्ट चाकांवर गाडीचा भार आल्यावरच शेवटचे आवळा. गाडी लटकलेली असताना आवळले, तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बहुतेक गॅरेजवाले इथंच घाई करतात.

कायद्याचंही सांगतो. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

त्या पोराच्या गाडीला मी कंपनीच्या मापाच्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप बसवून दिले. कापूस विकला की लोअरिंग स्प्रिंगांचं बघू म्हणाला. चारही शॉकअपला टाय बांधून गाडी दिली आहे. आईला यवतमाळला नेऊन आणलं की त्या कुठं थांबल्या ते दोघं मिळून बघणार आहोत.