किपलिंग घ्यावा की इलेक्ट्रा?

वाढदिवसाला बायको म्हणाली, यावेळी मॉडेल रेल्वेचं इंजिन माझ्याकडून, पण एकच, आणि घेतल्यावर वर्षभर त्या विषयावर बोलायचं नाही. दुसरी अट मी पहिल्याच दिवशी मोडली, ही पोस्ट त्याचाच पुरावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मँचेस्टरला राहतो आणि मला ब्रिटिश रेल्वेच्या मॉडेल्सचा नाद आहे, त्यातही फक्त इलेक्ट्रिक इंजिनं. इथल्या आमच्या क्लबात सगळे वाफेवाले, त्यांच्या दृष्टीने धूर निघत नाही ते इंजिनच नाही, पण माझं बालपण कल्याणचं, बाबा लोको शेडला नोकरीला, त्यामुळे इंजिन म्हणजे पँटो (छतावरचा, तारेतून वीज घेणारा दांडा) वर केलेलं आणि आतून गुणगुणणारं हेच डोक्यात फिट बसलंय.

तर एकच इंजिन घ्यायचं म्हटल्यावर खरा घोळ सुरू होतो कारण या छंदात साचा एकच असतो आणि त्यावर नाव आणि लिव्हरी बदलून कंपन्या तुम्हाला तेच इंजिन सात वेळा विकतात. लिव्हरी म्हणजे इंजिनाचा गणवेश म्हणा हवं तर. मालक बदलला की गणवेश बदलतो, आणि ब्रिटनमध्ये मालक इतक्या वेळा बदललेत की विचारू नका.

पहिली उडी साहजिकच क्लास 92 वर गेली (क्लास म्हणजे इंजिनाची जात, आणि 92 ने सुरू होणारे पाच आकडे म्हणजे त्या जातीतल्या एकेकाचा नंबर). चॅनल टनेल म्हणजे इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यासाठी 1993 ते 96 मध्ये बांधलेली 46 इंजिनं, वरच्या तारेतून 25 हजार व्होल्टही घेतात आणि दक्षिण इंग्लंडातल्या थर्ड रेलचे, म्हणजे शेजारच्या वीजवाहक रुळाचे, 750 व्होल्टही. आणि नावं बघा, सगळी युरोपातल्या लेखक-संगीतकारांची! व्हिक्टर ह्यूगो, बीथोव्हन, जेन ऑस्टिन, मोझार्ट, ऑस्कर वाइल्ड, दांते. मध्येच 92006 ला लुई आर्मां, जो फ्रेंच रेल्वेचा इंजिनियर, म्हणजे साहित्य संमेलनात वशिल्याने आलेला पाहुणाच. मूळ रंग दोन छटांचा करडा आणि वर गडद निळं छत, आणि बाजूला बोगद्याचे तीन गोल. मालगाडीच्या इंजिनाला यापेक्षा देखणा गणवेश मी पाहिलेला नाही.

या यादीत 92034 म्हणजे किपलिंग, जंगल बुकवाला. जन्म 1865, मुंबई, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार! मला वाटलं ठरलं, मुंबईचा पोरगा कल्याणच्या पोराच्या शेल्फवर. बाबांना फोन केला तर पलीकडून शांतता, मग म्हणाले, "अरे तो साम्राज्याची तळी उचलणारा ना रे? त्याला घरात कशाला आणतोस?"

मी म्हटलं बाबा, इंजिन आहे ते, पुस्तक नाही. तर त्यांनी मला जीआयपीचा, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाचा, इतिहासच ऐकवला. 1925 मध्ये व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत घाटासाठी मोठी इंजिनं आली, त्यातल्या मगरीसारखं तोंड असलेल्या एका मालगाडीच्या इंजिनाचं नाव होतं सर लेस्ली विल्सन, आणि डेक्कन क्वीनसारख्या गाड्या ओढणाऱ्या जातीतल्या एकाचं सर रॉजर लमली. दोघेही मुंबईचे गव्हर्नर. दोन्ही इंजिनं आता दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये उभी आहेत. "आणि 1961 ला चित्तरंजनच्या कारखान्याने आपलं पहिलं इलेक्ट्रिक इंजिन काढलं तेव्हा त्याला नाव काय दिलं? लोकमान्य. पंडित नेहरूंनी झेंडा दाखवला. आता तू ठरव." फोन ठेवला. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी बोलणं अजून शेडमधल्यासारखंच.

किपलिंग बाद झाला. खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं कारण 92 च्या नावांचं पुढे जे झालं ते बघवत नाही. 92017 हे शेक्सपिअर होतं, ते स्टोबार्ट या मालवाहतूक कंपनीच्या रंगात गेलं आणि नाव पडलं बार्ट द इंजिन. शेक्सपिअरचा बार्ट! 92001 व्हिक्टर ह्यूगो रोमानियात जाऊन मिर्चा एलियादे झालं, हे एक मला आवडलं, निदान लेखकाच्या जागी लेखक आला. आणि काही जणी आता कॅलेडोनियन स्लीपरच्या गडद हिरव्यानिळ्या रंगात लंडन-स्कॉटलंड रात्रीच्या गाड्या ओढतात. रंग सुंदर आहे, पण एखादी कविता कोरी पाटी करून टांगावी तसं वाटतं.

मग दोन आठवडे मी नुसती चाळवाचाळव केली. क्लास 87 मध्ये नावं भारदस्त, रॉयल सॉव्हरिन, किंग आर्थर, वुल्फ ऑफ बॅडनॉक, आणि 87001 ची गंमत म्हणजे आधी तिचं नाव स्टीफनसन होतं, मग ते नाव काढून थायरिस्टर म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाल्या 87101 ला दिलं आणि हिला रॉयल स्कॉट केलं. धाकटी आली म्हणून थोरलीचे दागिने मोडले त्यातला प्रकार. क्लास 90 मध्ये 1992 साली एका मालवाहतूक प्रदर्शनासाठी तीन इंजिनं बेल्जियम, जर्मनी आणि फ्रान्सच्या रेल्वेच्या रंगात रंगवली, नावंही त्या त्या भाषेत, 90129 तर फ्रॅख्टफेरबिंडुंगेन, हे नाव मॉडेलच्या प्लेटवर बसवणाऱ्याचे डोळे गेले असतील. क्लास 91 मध्ये 1989 साली ताशी 162 मैलांपर्यंत गेलेलं 91010, जे पुढे 91110 झालं. आणि 91023, जे हॅटफिल्ड आणि ग्रेट हेक अशा दोन्ही मोठ्या अपघातांत होतं. बाकी सगळ्यांचे नंबर शंभराने वाढवले आणि हिला मात्र 91123 न देता 91132 दिला. साहेब लोकही मानतात बरं का, फक्त कबूल करत नाहीत.

पण मन सारखं एकाच ठिकाणी परत जात होतं. इथे नवीन होतो तेव्हा मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये गेलो होतो, पॉवर हॉलमध्ये एक पिवळं-करडं इलेक्ट्रिक इंजिन उभं, बघूनच कळलं की हा रंग ब्रिटिश नाही. आणि नाव ॲरिअ‍ॅडनी.

गोष्ट अशी की मँचेस्टर ते शेफील्ड डोंगरातून जाणारी वुडहेड लाइन 1954 मध्ये पूर्ण विजेवर आली, 1500 व्होल्ट डीसी, म्हणजे आपल्या मुंबईचं तेव्हा होतं तेच व्होल्टेज, आणि इंजिनांची इलेक्ट्रिकल बाजू इथल्याच मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची, ज्यांनी जीआयपीच्या मगरींनाही मोटरी दिल्या होत्या. पॅसेंजरसाठी सात इंजिनं मँचेस्टरच्याच गॉर्टनला बांधली, ईएम-2. सातही जणींना ग्रीक-रोमन पुराणातली नावं. इलेक्ट्रा, ॲरिअ‍ॅडनी, ऑरोरा, डायना, जूनो, मिनर्व्हा, पँडोरा. आधी काळा रंग, मग हिरवा, मग इलेक्ट्रिक ब्लू. बाकी देशाने वरच्या तारेसाठी 25 हजार व्होल्ट एसी धरल्यावर या सात देवी एकट्या पडल्या, 1969 ला हॉलंडच्या रेल्वेने घेतल्या कारण तिकडे 1500 डीसीच होतं. सहा चालवल्या, मिनर्व्हाचे सुटे भाग केले. वुडहेड लाइन 1981 ला बंदच पडली. डच लोकांनी त्या 1986 पर्यंत पळवल्या, आणि ॲरिअ‍ॅडनी परत आली ती 1505 नंबर घेऊन, डच पिवळ्या रंगात, आणि जिथे जन्मली त्या गॉर्टनपासून हाकेच्या अंतरावर म्युझियममध्ये तशीच उभी राहिली. माहेरी आलेली मुलगी सासरच्या साडीत असते तशी. हिच्यापुढे मी त्या दिवशी किती वेळ उभा होतो ते बायकोला विचारा.

आणि मॉडेल म्हणाल तर साठच्या दशकात ट्रायअँग या ब्रिटिश खेळणी कंपनीने ईएम-2 काढलं होतं, इलेक्ट्रा, आणि त्याबरोबर वरची तारही विकायचे, खरा करंट तारेतून पँटोत यायचा! आजची दोनशे पौंडांची मॉडेल्स बहुतेक सगळी रुळातून वीज घेतात आणि पँटो शोभेला. अर्थात डबल-ओ, म्हणजे इथलं मॉडेलचं नेहमीचं माप, त्यातला मूळ गोंधळ आहेच, मॉडेल 4 मिलिमीटरला एक फूट आणि रूळ मात्र 16.5 मिलिमीटरचे, खरं तर 18.83 हवेत, म्हणजे नेहमीच्या डबल-ओ रुळांवरचं प्रत्येक मॉडेल इंजिन जन्मभर अरुंद रुळांवर चालतं. आपल्या ब्रॉडगेजला तर याच हिशोबाने 22 लागतील.

शेवटी एका जुन्या वस्तूंच्या बाजारात हिरवी इलेक्ट्रा मिळाली, चाळीस पौंडात. विकणारा म्हणाला एकदम चालू कंडिशन. घरी येऊन बघतो तर पँटो वर उभाच राहत नाही, लगेच मान टाकतो. बायकोने उरलेले पैसे परत मागितले नाहीत हा तिचा मोठेपणा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली. नावाबद्दल एक शब्द नाही, रंगाबद्दल नाही. चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनच्या इतके जवळ आले की मला फक्त त्यांची भुवई दिसत होती.

"पँटो खाली का आहे?"

"स्प्रिंग गेलीय बाबा."

"मग बॉलपेनची काप. अर्धी लागेल. पूर्ण लावलीस तर तारच वर ढकलेल."

टेबलावर तीन बॉलपेनं उघडून ठेवलीत, तिन्हींच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या जाडीच्या निघाल्या. कोणती लावू ते आता रविवारच्या कॉलवरच विचारतो.