लॉकनटवरची पिवळी रेघ

"स्टिअरिंगचा बॉक्स गेलाय, दुसरा बॉक्स बघा." गाडी आत घ्यायच्या आधीच मालकांनी खिडकीतून निदान सांगून टाकलं. याची सवय आहे मला, जुन्या गाड्यांचे मालक येतात तेच रोगाचं नाव ठरवून, आपण फक्त कापायचं आणि शिवायचं. गाडी म्हणजे मर्सिडीज डब्ल्यू १२३, १९८१ ची २४० डी. हे मॉडेल १९७५ च्या शेवटापासून १९८६ च्या सुरुवातीपर्यंत बनत होतं, सत्तावीस लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. चांगले मिळतात का, हा वेगळा विषय आहे, त्यावर येतोच.

तक्रारी दोन होत्या. एक, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग चार बोटं हलवलं तरी गाडीला पत्ता नाही. दुसरी, जरा डावीकडे वळवलं की मध्येच एका जागी स्टिअरिंग जड होतं, अडकल्यासारखं, आणि पुढे गेलं की परत मोकळं. म्हणजे ढिलं पण आणि जाम पण. हे ऐकूनच मला खटकायला हवं होतं. नाही खटकलं. वर्षभरापूर्वी हीच गाडी माझ्याकडे ढिल्या स्टिअरिंगसाठी येऊन गेली होती एवढंच आठवलं, काय केलं होतं ते नाही आठवलं.

ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या गाडीला रॅक, म्हणजे डावी-उजवी सरकणारी दात्यांची पट्टी, नाही. स्टिअरिंग बॉक्स म्हणजे व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दातांची पेटी, तिच्यातून एक आर्म निघतो, दुसऱ्या बाजूला चेसिसवर तसाच, नुसता आधाराला, एक आयडलर आर्म असतो, दोघांना जोडणारी मधली ड्रॅग लिंक, आणि दोन चाकांना दोन टाय रॉड. ड्रॅग लिंकचे दोन आणि टाय रॉडचे चार असे सहा बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचे सांधे, वर आयडलरचे रबरी बुश. प्रत्येक ठिकाणी केसभर प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तरी स्टिअरिंगवर त्याची बेरीज होते, आणि दोष सगळा बॉक्सच्या माथी, कारण बॉक्स वरून दिसतो आणि बाकीचं खाली चिखलात असतं.

प्ले बघायची लोकांची पद्धत म्हणजे गाडी जॅकवर उचलायची आणि चाक हलवायचं. बॉल जॉइंट असे नीट कळत नाहीत. चाक हवेत असलं की जॉइंटवर भारच नसतो, जो बॉल रस्त्यावर खडखडतो तो तिथे शहाण्यासारखा बसलेला असतो. गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, इंजिन चालू म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा जोर येतो. हाताखालच्या पोराला आत बसवायचं, त्याने स्टिअरिंग थोडंथोडं डावं-उजवं, डावं-उजवं करत राहायचं, आणि आपण खाली झोपून एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी बोटाला टिक लागते. माझा या बाबतीत कुठल्याही मशीनपेक्षा बोटावर जास्त विश्वास आहे.

सहापैकी तीन जॉइंट गेलेले होते, पण खरा चोर आयडलर. ड्रॅग लिंक आधी बाजूला जायच्या ऐवजी वर उचलली जात होती आणि मग बाजूला जात होती. बुशचं रबर राहिलंच नव्हतं, बोल्ट धातूवर धातू घासत होता.

जॉइंट सोडवायचं म्हणजे बऱ्याच ठिकाणी दोन दातांचा फाळ आत घालून हाणतात. जॉइंट फेकायचाच असेल तर ठीक, पण ठेवायचा असेल तर त्याचा बूट, म्हणजे वरचं रबरी टोपण, फाटलाच म्हणून समजा. मी पुलर लावतो, ताण देतो, आणि नाहीच सुटला तर ज्या डोळ्यात, म्हणजे भोकाच्या कडीत, जॉइंटचा निमुळता दांडा, टेपर, बसलाय त्याच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूने एकच कडक फटका. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि टेपर सोडतो. नट चार आटे तसाच ठेवायचा नाहीतर सगळं तोंडावर येतं. पाचव्या जॉइंटपर्यंत पोराचा हात बसला, सहावा त्याने एका फटक्यात काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच त्याचा शागीर्द.

नवीन पार्टांचं सांगतो. पहिला टाय रॉड डब्यातून काढला तर बॉल हाताने लुळा फिरत होता, म्हणजे नवाकोरा आणि आधीच म्हातारा. दुसऱ्या कंपनीचा मागवला, त्याचा बूट मानेवर बसेना. तिसरा चांगला आला. यात तीन दिवस गेले आणि मालकांचे रोज दोन फोन. डब्यावर छपाई इतकी सुंदर असते की ती करणाऱ्यांनाच पार्ट बनवायला द्यावेत असं वाटतं.

जुने टाय रॉड काढायच्या आधी मी लांबी मोजून लिहून ठेवतो, जॉइंटच्या मध्यापासून मध्यापर्यंत. डावा आणि उजवा, फरक नऊ मिलिमीटर. तेव्हा कुठे खटकलं. मग बॉक्सचा मध्य शोधला. या बॉक्सला एक प्लग असतो, तो काढून पिन आत घातली की बॉक्स बरोबर मध्यावर आल्यावर पिन खाचेत बसते. पिन बसली, आणि चाकं बघतो तर सरळ नाहीत, डावीकडे. स्टिअरिंग व्हील पण डावीकडे, घड्याळात अकरा वाजल्यासारखं.

म्हणजे काय झालं असणार बघा. कोणीतरी अलाइनमेंट करताना टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते, एकाच बाजूच्या टाय रॉडने सेट केला, दोन्हीकडे सारखा फिरवायचा असतो तो. स्टिअरिंग व्हील वाकडं आलं. मग परत खाली कोण झोपणार, म्हणून व्हीलच काढून स्प्लाइनवर, म्हणजे दांड्याच्या दातेरी टोकावर, सरकवून सरळ लावलं. दिसायला सगळं छान. पण या बॉक्सच्या आतले दात मध्यावर सगळ्यात घट्ट बसावेत आणि दोन्हीकडे थोडे ढिले व्हावेत असेच बनवलेले असतात, कारण सरळ जाताना प्ले नको. आता गाडी सरळ चालली की बॉक्स मध्यापासून बाजूला, त्याच्या ढिल्या जागेत. म्हणून प्ले. आणि त्यावर आणखी एका महाभागाने वरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळून त्या ढिल्या जागेतला प्ले काढायचा प्रयत्न केला, म्हणून खऱ्या मध्यावरून जाताना बॉक्स जाम.

हे मी पोराला समजावून सांगत होतो, अगदी रंगात येऊन, की बघ, असे मेकॅनिक असतात, खाली वाकायचं नाही, वरून हाताला आला तो स्क्रू फिरवायचा, गिऱ्हाईक खूश, गाडी गेली खड्ड्यात. जे तोंडाला आलं ते बोललो. तो टॉर्च घेऊन बॉक्सवर वाकला होता. म्हणाला, "दादा, ही रेघ आपलीच ना?"

मी आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या पेंटने रेघ मारतो, नट आणि त्याखालचा भाग दोन्हीवर, म्हणजे हलला तर कळतं. आमच्याकडे बाकी कोणी मारत नाही. अॅडजस्टिंग स्क्रू जागेवर धरणाऱ्या लॉकनटवर पिवळी रेघ होती, तेलकट झालेली, पण माझीच.

जुनं जॉबकार्ड काढलं. माझं अक्षर. 'स्टिअरिंग प्ले. बॉक्स अॅडजस्ट पाव फेरा. ट्रायल ओके.' बस. खाली झोपलो होतो का? लिहिलेलं नाही, म्हणजे नसणार. संध्याकाळची वेळ असेल, मालक उभे असतील, काय असेल ते असेल.

पुढचं काम मी एकट्याने केलं. ड्रॅग लिंक आधीच खाली होती, त्यामुळे बॉक्स एकटाच हाताला लागत होता. स्क्रू सैल केला, मध्यावर आणून जेमतेम धरेल एवढाच परत आवळला. पिन घालून बॉक्स मध्यावर ठेवला, व्हील स्प्लाइनवर सरळ केलं, दोन्ही टाय रॉड सारख्या लांबीचे करून लावले. आयडलरचा बोल्ट चाकं सरळ असतानाच शेवटचा आवळला, वळलेल्या चाकांवर आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंटला स्वतः उभा राहिलो, दोन्हीकडून सारखं फिरवून घेतलं, तिथल्या माणसाला ते आवडलं नाही.

ट्रायलला गाडी अशी चालली की दोन बोटांनी. वळणावरून सोडलं की स्टिअरिंग आपणहून परत. फक्त मध्यावरून अगदी हळू नेलं तर एक बारीक खरखर लागते, आवाज नाही, हातालाच. ती आधीपासून होती की वर्षभर घट्ट स्क्रूवर चालून झाली, हे मला कळत नाहीये, आणि बॉक्स उघडल्याशिवाय कळणार पण नाही.

मालक जाम खूश. काय काय निघालं विचारलं तर आयडलर दाखवला, टाय रॉडची लांबी, व्हील सरकवल्याची गोष्ट, सगळं सांगितलं. "आणि बॉक्स?" तर म्हणालो स्क्रू जरा जास्त घट्ट होता, सैल केलाय. "कोणी केला होता?" मी म्हणालो जुनं काम आहे. पोरगा तिथेच पाने पुसत उभा होता, त्याने मान वर केली नाही. बॉक्सची मजुरी बिलात लावली नाही, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

लॉकनटवर नवीन रेघ मारली. जुनी पुसायला थिनरचा बोळा हातात घेतला होता, पोरगा बघत होता, ठेवून दिला. आता नटावर दोन रेघा आहेत, बॉनेट उघडून नीट बघणाऱ्याला दिसतील. हजार किलोमीटर झाले की गाडी परत तपासायला येणार आहे. तेव्हा मालकांना सांगायचं असं ठरवलंय. बघू.