तुम्ही विचारलेत म्हणून: ‘सौभद्रा’चा चित्रपट का झाला नाही

‘कट्यारला जमले, मग तुमच्या सौभद्राला काय झाले होते?’ हा प्रश्न मला 2015 च्या दिवाळीपासून, म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटगृहांत लागल्यापासून, विचारला जात आहे. ‘सौभद्र’ या संगीत नाटकाचा चित्रपट मी त्याआधी करायला घेतला होता आणि तो अर्ध्यावरच राहिला. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझा जबडा त्यांच्या ताब्यात असताना विचारला होता. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हापासून तर या प्रश्नाला आरोपाची धार आली आहे: चित्रपट पुरा केला असतात, तर निदान तेवढे तरी मागे राहिले असते. पुढे 2025 च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ही पडद्यावर आले आणि माझी उरलीसुरली सबबही गेली. आजवर मी ‘पैसे संपले’ एवढेच सांगत आलो. ते खोटे नाही. परंतु पैसे संपण्याआधीच चित्रपट संपला होता, हे मी कोणाला सांगितलेले नाही.

आधी ‘कट्यार’विषयी, कारण तुमची तुलना तिथूनच सुरू होते. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 1967 चे ते नाटक मुळात गवयांचे आहे. दोन घराण्यांतली ईर्ष्या, दरबारातले मानपान, शिष्याने चोरून ऐकलेली गायकी अशा गोष्टीत माणसे गातात, ती गाणे हेच त्यांचे काम आहे म्हणून. त्यासाठी कॅमेऱ्यापुढे वेगळे कारण मांडावे लागत नाही. सुबोध भावे यांनी चित्रपट करताना शंकर-एहसान-लॉय यांच्याकडून नवी गाणी करून घेतली, मूळ नाटकाचे संगीतकार अभिषेकीबुवा यांची ‘घेई छंद’सारखी पदे राखली, आणि प्रेक्षकांनी दोन्ही डोक्यावर घेतली. त्यांच्या कर्तृत्वाला मला उणेपणा आणायचा नाही. मी तो चित्रपट तीनदा पाहिला आहे. जो धोंडा माझ्या वाटेत होता तो त्यांच्या वाटेत नव्हता, एवढेच माझे म्हणणे आहे. अमेरिकेतही रंगभूमीवरून आलेल्या ‘कॅबरे’ या 1972 च्या चित्रपटात जवळजवळ सगळी गाणी क्लबच्या मंचावरच ठेवली गेली, आणि 2002 च्या ‘शिकागो’त ती बहुतेक नायिकेच्या कल्पनेत घडवली गेली. दोन्हीकडे दिग्दर्शकाला छळणारा प्रश्न एकच होता: हा माणूस बोलता बोलता एकदम गाऊ का लागला?

‘सौभद्रा’त या प्रश्नाला जागाच नाही. तिथे कृष्ण रुक्मिणीची समजूत घालतो ती ‘नच सुंदरि करू कोपा’ म्हणत. ते पद काढून टाकले तर समजूत घालायचीच राहून जाते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1882 च्या या नाटकात शंभराहून अधिक पदे आहेत. आज रंगभूमीवरही ती सगळी कोणी म्हणत नाही, त्यामुळे पटकथेत मी चौदाच ठेवली, याबद्दल मला फारसा पश्चात्ताप नाही. गाळलेल्या प्रत्येक पदामागे गावातला एखादा जुना रसिक दुखावला जातो, आणि तो बरोबर तेच पद आठवून तुम्हांला मंडईत गाठतो. पण ही झाली किरकोळ डोकेदुखी.

खरी अडचण साथीची होती आणि ती मला मुळीच दिसली नव्हती, याचे आज आश्चर्य वाटते, कारण माझी पंचवीस वर्षे ऑर्गनच्या शेजारी बसून गेली आहेत. रंगभूमीवर गाणारा पुढे असतो आणि साथ त्याच्या मागे जाते. त्याने एखाद्या जागी रेंगाळायचे ठरवले की तबलजी त्याच्या खांद्याकडे पाहून ओळखतो, ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो, आणि ‘वन्स मोअर’ आला की तेच पद दुसऱ्या वेळी निराळ्या वाटेने समेवर येते. चित्रपटात याच्या नेमके उलटे घडते. पद आधी ध्वनिमुद्रित होते, त्याची लांबी सेकंदावर ठरते, आणि मग गाणाऱ्याला आपल्याच गेल्या महिन्यातल्या आवाजाच्या मागे धावावे लागते.

आमचे बुवा तीसेक वर्षे आमच्या हौशी मंडळीत कृष्ण करत होते. त्यांचे नाव मी लिहीत नाही. ज्यांनी त्यांना ऐकले त्यांना ते सांगावे लागणार नाही. चित्रपट ठरला तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. कृष्ण त्यांनीच करायचा, हा हट्ट माझा होता, भांडवल घालणाऱ्यांचा नव्हता, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे येते त्यात माझ्या बाजूने फार काही नाही.

2011 च्या जानेवारीत आम्ही ‘प्रिये पहा’ चित्रित करायला घेतले. पद तुम्हांला पाठ आहे: रात्र सरली, गार वारा सुटला, दिव्याचे तेज मंद झाले, असे कृष्ण रुक्मिणीला सांगतो. मला वाटले, नाटकात जे रंगवलेल्या पडद्यावर आणि एका पिवळ्या दिव्यावर भागवावे लागते ते आपण खरे दाखवू. म्हणून शालिनी पॅलेसच्या बाजूला, रंकाळ्याच्या काठावर, महालाचा एक सज्जा उभारला. समोर रंकाळा म्हणजे द्वारकेचा समुद्र. पहाटेचा हवा तसा उजेड जेमतेम वीस मिनिटे टिकतो. पहिल्या दिवशी तो धुक्याने खाल्ला, आणि जे थोडे चित्रित झाले त्यात माकडटोपी घालून फिरायला निघालेले दोन गृहस्थ द्वारकेच्या किनाऱ्याने निवांत जाताना दिसले. दुसऱ्या दिवशी उजेड होता, पण बुवांचे ओठ जुळेनात. ध्वनिमुद्रण चार मिनिटे दहा सेकंदांचे होते आणि त्यांनी स्वतःच उत्तम म्हणून पसंत केलेले होते, तरी प्रत्येक वेळी ते कुठे तरी अर्धी मात्रा पुढे नाही तर मागे जात. तीस वर्षांत त्यांनी ते पद दोनदा सारखे म्हटले नव्हते. आता एकदा म्हटले ते पुन्हा तसेच्या तसे म्हणायचे होते.

तिसऱ्या दिवशी सगळे जुळून आले. हवा स्वच्छ होती, पाण्यावर हलकी वाफ होती, सज्ज्यातली समई उजाडत्या प्रकाशात खरोखरच फिकी पडत चालली होती. नागरा सुरू झाला. (ते यंत्र केव्हाच अडगळीत गेले, तरी सेटवर गाणे वाजवणाऱ्या यंत्राला अजून नागराच म्हणतात.) दोन टेक वाया गेले. तिसऱ्यात पहिली ओळ सुरेख जुळली, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्येच बुवांनी तोंड मिटले, मान वळवली आणि ते पाण्याकडे पाहत उभे राहिले. मी ‘कट’ म्हटले नाही, कारण ते पुढची ओळ पकडतील अशी आशा होती. त्यांचा आवाज कर्ण्यातून चालूच राहिला. अखेर मी यंत्र थांबवायला लावले, तेव्हा ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “अहो, हे दिसतंयच की. मग मी सांगू कुणाला?”

संगीत नाटकाचा चित्रपट करण्यातली जी अडचण मी गेली दहा-बारा वर्षे भाषणांतून तासतासभर सांगतो, ती त्यांनी त्या एका वाक्यात सांगितली होती. रंगमंचावर पहाट नसते, म्हणून ती पदात असते. गाणारा ती सांगतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या अंगावरून वारा जातो. रंकाळ्यावर वारा सगळ्यांच्याच अंगावरून जात होता. रुक्मिणीचे काम करणारी मुलगी शालीतही कुडकुडत होती. तिला पहाट झाल्याचे सांगणारा कृष्ण ही वेळ सांगणारी आकाशवाणी झाली असती.

हे मला तेव्हा समजले नाही असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु समजले होते. मागे पस्तीस माणसे उभी होती, सूर्य वर येत होता आणि भांडवलदारांचा माणूस मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. मी म्हणालो, “बुवा, तुम्ही फक्त ओठ हलवा. सांगायचं काम कॅमेरा करेल.”

त्यांनी आणखी चार टेक दिले, सगळे निर्जीव. संध्याकाळी ठरले की मुंबईहून एक तरुण नट आणायचा आणि आवाज बुवांचाच ठेवायचा. हा निरोप मी स्वतः जाऊन द्यायला हवा होता. तो मी निर्मिती व्यवस्थापकाच्या हाती पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा घरी आले ते पीतांबर आणि किरीट कापडी पिशवीत घालून. चहा घेतला नाही. “आवाज ठेवा,” म्हणाले, “तोंड तुमचं तुम्ही बघा.”

तरुण नटाने ओठ बिनचूक जुळवले, त्याचा काहीच दोष नव्हता. चाळीस मिनिटांची कच्ची जुळणी आम्ही काही जणांना दाखवली, तेव्हा अंधारात आमच्या ऑर्गनवाल्याने मला हळूच विचारले, “हा गातोय कोण?” त्या पदाला साथ त्याचीच होती. तीस वर्षांच्या नितळ चेहऱ्यातून एकसष्ट वर्षांचा, किंचित खरखर असलेला, मधाच्या तळाशी साखर बसावी तसा आवाज येत होता, आणि दोघे एकमेकांना ओळख देत नव्हते. भांडवलदारांनी पर्याय सुचवला: पदे निम्मी करावीत आणि उरलेली तरुण आवाजात पुन्हा मुद्रित करावीत. मी नकार दिला, त्यांनी पैसे थांबवले. बुवांना दुसऱ्यांदा पुसून टाकायला मी तयार झालो नाही, असे मी याचे वर्णन करू शकतो. पण हे वाक्य लिहिताना मला फार बरे वाटत आहे, तेव्हा ते पुरते खरे नसावे. चित्रपट फसला आहे हे दिसत असताना सन्मानाने बाहेर पडण्याचे दार मला मिळाले होते, हेही तितकेच खरे आहे.

पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, ‘ले मिझेराब्ल’ हा परदेशी संगीतपट आला. त्यात नटांनी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायिले होते. कानात पियानोची साथ, तीही त्यांच्या लयीने चालणारी, आणि वाद्यवृंद नंतर चढवलेला. ते वाचून मी चरफडलो. नंतर लक्षात आले की चरफडण्यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नव्हती. 1932 साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ केला तो याच कोल्हापुरात, आणि ‘मानापमाना’ला चाली देणारे आपले गोविंदराव टेंबे त्यात राजा झाले होते. पार्श्वगायन रुळायच्या आधीचे ते दिवस. नट गात तेव्हाच ध्वनिमुद्रण होई आणि साथीदार चौकटीच्या बाहेर बसत. म्हणजे बुवांना जे हवे होते ते एकोणऐंशी वर्षांपूर्वी या गावात घडून गेले होते आणि मी सज्ज्याच्या मागे एक ऑर्गन ठेवण्याचा विचारही केला नव्हता.

पण ऑर्गन ठेवला असता तरी काय झाले असते? साथ त्यांच्या मागे गेली असती, ओठांचा प्रश्न मिटला असता. पहाट मात्र दिसतच राहिली असती. संगीत नाटकाचा चित्रपट करूच नये, नाट्यगृहात एक कॅमेरा लावून प्रयोग जतन करावा, असे मी त्यानंतर काही वर्षे ठामपणे सांगत असे. आमच्या एका प्रयोगाचे तसे चित्रण आहे. त्यात खोकला आहे, ‘वन्स मोअर’ आहे, मागच्या रांगेतले लहान मूल आहे, आणि बुवांचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा आहे. नाट्यगृह जळाल्यावर मी ते लावून बसलो आणि दहा मिनिटांत बंद केले. त्यामुळे तो ठामपणाही आता माझ्यापाशी नाही.

बुवांनी या विषयावर मला कधी दोष दिला नाही. महाद्वार रोडवर एकदा गाठ पडली, तेव्हा “काय ओ, द्वारका बुडाली का?” एवढेच विचारून हसले. ते गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्यात जुन्या डिस्क तपासताना तिसऱ्या पहाटेचा तिसरा टेक सापडला. बुवा दुसऱ्या ओळीत थांबतात, तोंड मिटून पाण्याकडे पाहतात, आणि त्यांचाच आवाज मागून पहाट सांगत राहतो; समई फिकी होते; असे चाळीस सेकंद. हे पडद्यावर चालले असते का, मला ठरवता येत नाही. कधी वाटते की मी शोधत होतो ते हेच होते; कधी वाटते की कृष्ण मुका झाला तर ते ‘सौभद्र’ राहीलच कसे. शॉटची वही डिस्कच्या डब्यातच होती. त्या टेकपुढे माझ्याच अक्षरात ‘एनजी’, म्हणजे ‘नो गुड’, लिहिलेले आहे आणि खाली दोन रेघा ओढलेल्या आहेत.