तुरुंगाच्या कोपऱ्यावरची तोंडी परीक्षा

टुरिस्ट गाइडची परीक्षा घेणं हे माझं काम, असं सांगितलं की समोरून हमखास येतं, ‘त्याचीही परीक्षा असते?’ असते. सरकारी कौशल्य योजनेत ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ नावाचा भाग आहे. आम्ही सगळे आरपीएल म्हणतो. ज्यानं उभी हयात हेच काम केलंय त्याला पहिल्यापासून शिकवत बसायचं नाही. थोडी उजळणी, मग लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक. जमलं तर प्रमाणपत्र. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हा त्यातला कळीचा नियम. तपासणारी मी.

लेखीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टॅबवर चार पर्यायांतला एक निवडायचा. बोट चुकीच्या जागी पडून गुण गेलेले लोक मी भरपूर पाहिलेत. खरी मजा प्रात्यक्षिकात. ठाण्याच्या त्या बॅचला मी रस्ता दिला होता स्टेशन, जांभळी नाका, कौपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळी, टेंभी नाका आणि शेवटी कारागृहाच्या बाहेरचा कोपरा. कारागृह म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. एक उमेदवार गाइड, बाकीचे पर्यटक. त्यांच्यात एक निवृत्त काका मी मुद्दाम मिसळले होते. किल्ल्यापाशी आलं की त्यांनी विचारायचं, ‘हा शिवाजी महाराजांनीच बांधला ना?’ ठाण्यात, भर रस्त्यात, या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हिंमत लागते.

पहिला गडी तयारीचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खणखणीत इंग्रजी. स्टेशनाबाहेर त्यानं १६ एप्रिल १८५३ असा उभा केला की वडापाववालासुद्धा ऐकत राहिला. देशातली पहिली प्रवासी रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. सगळं बरोबर. किल्ल्यापाशी काकांनी प्रश्न टाकला आणि हा म्हणाला, ‘अगदी बरोबर, काका! आणि इथून भुयार थेट घोडबंदरला जातं.’ काका खूश. दोघांनी भुयाराचं तोंड कुठे आहे म्हणून भिंतीकडे मोबाइल रोखले, तसा फाटकावरचा शिपाई शिट्टी वाजवत आला. याची उरलेली वेळ शिपायाची समजूत काढण्यातच गेली.

मग त्या बाई. शाळांच्या सहली नेणाऱ्या. इंग्रजी अडखळत, साडी साधी. पण जांभळी नाक्याच्या गर्दीत मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. तोंडानं कौपिनेश्वराची गोष्ट चाललेली आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय. माणसं मोजत होत्या! रस्ता ओलांडायच्या आधी एकदा, ओलांडल्यावर पुन्हा. तलावपाळीला घोळक्याला सावलीत उभं केलं आणि स्वतः उन्हाकडे तोंड करून बोलल्या. कारागृहाच्या अलीकडच्या वळणावरच थांबून म्हणाल्या, ‘मोबाइल आता पिशवीत. इथे फोटो चालत नाहीत, आणि शिपाईदादांना उगाच कामाला लावायला नको.’

काकांनी प्रश्न टाकला. बाई म्हणाल्या, ‘काका, हा किल्ला मराठ्यांनी जिंकून घेतला. १७३७ साली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. पोर्तुगीज बांधत होते, पुरा व्हायचा होता अजून. महाराजांच्या नंतरची गोष्ट ही.’ काकांचा चेहरा पडला नाही, उलट त्यांनी चिठ्ठीत नसलेला प्रश्न विचारला, ‘मग इथे कैदी कोण कोण होतं?’

बाईंनी त्रिंबकजी डेंगळे काढले. दुसऱ्या बाजीरावाचा माणूस. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री, त्यांचा पंढरपुरात १८१५ साली खून झाला, त्या प्रकरणात इंग्रजांनी त्याला इथे डांबला. पहाऱ्यावर गोरे शिपाई. एका साहेबाचा मराठी मोतद्दार घोड्याची मालिश करता करता गाणी म्हणायचा आणि सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यांतून आत पोचायचा. पहारेकऱ्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी पसार. घोळका गप्प होऊन ऐकत होता. तिथेच टाळ्या घेऊन थांबता आलं असतं. पण बाई पुढे म्हणाल्या, ‘तो पळाला हे पक्कं. गाण्याची गोष्ट मात्र बिशप हेबर नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं लिहून ठेवलेली आहे, आणि तो ठाण्याला आला १८२५मध्ये. म्हणजे त्यानंही ती ऐकलेलीच. मला आवडते म्हणून सांगते, पण ऐकीव म्हणून सांगते.’

इतक्या वर्षांत असं वाक्य मी प्रात्यक्षिकात ऐकलं नव्हतं. पेनाचं टोपण लावून नुसती उभी राहिले. पंचाईत अशी की आमच्या त्या दिवसाच्या तक्त्यात पेहराव, अभिवादन, आवाज, इंग्रजी, वेळेचं भान यांना वेगवेगळ्या ओळी होत्या आणि माहिती अचूक असण्याला एकच. नियमानं बेरीज केली तर पहिल्या गड्याचे गुण थोडे जास्तच भरले. मनानं गुण वाढवता येत नाहीत, आणि येऊही नयेत, नाहीतर उद्या कुणीही कुणाचे वाढवेल. दोघं उत्तीर्ण. शेऱ्याच्या चौकटीत मात्र मी बाईंबद्दल मागच्या पानापर्यंत लिहिलं. संध्याकाळी संस्थेतून फोन आला, ‘मॅडम, शेरा दोन ओळींत बसवा ना.’ नाही बसवला.

परीक्षा संपल्यावर चहाच्या टपरीवर तो गडी तणतणत होता. ‘गिऱ्हाईक महाराजांचं नाव घेतंय आणि मी नाही म्हणू? मार खाऊ?’ मी गप्प. शिकवणं माझं काम नव्हे. बाई म्हणाल्या, ‘दादा, मी नाही म्हटलंच कुठे? आधी जिंकला कुणी ते सांगितलं, मग बांधला कुणी ते. क्रम तेवढा बघा.’

तो थोडा वेळ कटिंग फुंकत राहिला. मग विचारलं, ‘तो हेबर का कोण, त्याचं पुस्तक मिळतं कुठे?’

‘मोबाइलवर आहे. फुकट. इंग्रजी जुनं आहे जरा, पण तुम्हाला जमेल.’